खिडकीपलीकडची मंडी

बार्सिलोना शहरातील सांत पाऊ रुग्णालयाच्या आवारात, एका झाडाच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसून मी समोरच्या घुमटाचे रेखाटन करीत होतो. २०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यातील ती सकाळ होती. घुमटावरील रंगीत कौले उन्हात चमकत होती आणि त्यांचा नेमका पिवळा रंग काही केल्या मला साधत नव्हता. तेवढ्यात म्हैसूरहून भाच्याचा फोन आला. तिकडे दुपार कलू लागली होती.

"मामा, आई पडली. खुब्याचं हाड मोडलंय, उजवं मनगटही. परवा ऑपरेशन झालं."

"पडली केव्हा?"

तो क्षणभर थांबला. "चार दिवस झाले. मामाला कळवायचं नाही, त्याची सहल मोडेल, असं तिनंच बजावलं होतं. पण कालपासून ती कुणाला ओळखत नाही. म्हणून फोन केला."

हातातील कुंचला पाण्याच्या डबीत तसाच राहिला. ज्या इमारतीसमोर मी चार दिवस कागद रंगवीत बसलो होतो ती एका रुग्णालयाची होती, आणि त्याच चार दिवसांत माझी सख्खी थोरली बहीण सात समुद्रांपलीकडे दुसऱ्या एका रुग्णालयात पडून होती.

वाचकांपैकी काहींना माझी ओळख असेल. आपल्या बँकेतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षे झाली. नोकरीत ठिकठिकाणी बदल्या झाल्या आणि एकट्याने काढलेल्या रविवारांनी मला रेखाटनाचा नाद लावला. लेक नोकरीनिमित्त बार्सिलोनात असते. तिच्याकडे तीन महिन्यांच्या मुक्कामाला गेलो, तेव्हा सामानात कपड्यांपेक्षा वह्या अधिक होत्या. स्पेन हा चित्रे काढणाऱ्यांचा देश खराच. प्रत्यक्ष जागेवर बसून आपापल्या गावाची चित्रे काढणाऱ्यांची जी 'अर्बन स्केचर्स' नावाची चळवळ आज जगभर पसरली आहे, तिची सुरुवात २००७ साली अमेरिकेतील सिएटल येथे झाली. पण ती करणारा पत्रकार गाब्रिएल कांपानारियो हा मूळचा स्पेनचाच.

सांत पाऊविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. १४०१ साली स्थापन झालेल्या सांता क्रेउ या जुन्या इस्पितळाचे हे नवे रूप. आंतोनी गौदी हा जगविख्यात वास्तुकार ७ जून १९२६ रोजी ट्रामच्या धडकेने रस्त्यात कोसळला, तेव्हा त्याच्या साध्या कपड्यांवरून लोकांनी त्याला भिकारी समजले. त्याला नेले ते त्याच जुन्या इस्पितळात, आणि तेथेच तीन दिवसांनी त्याचे निधन झाले. नवे सांत पाऊ लुईस दोमेनेक इ मोंतानेर या वास्तुकाराने आखले. १९०२ ते १९३० अशी तब्बल अठ्ठावीस वर्षे त्याचे काम चालले. रुग्णाला ऊन, वारा, हिरवळ आणि रंग यांची गरज औषधाइतकीच असते, असा त्याचा आग्रह. म्हणून एकच अवाढव्य इमारत न बांधता त्याने बागेत सुट्या सुट्या इमारती उभारल्या, त्या भुयारी मार्गांनी जोडल्या, आणि सूर्यप्रकाश व वारा नीट मिळावा म्हणून सबंध आवारच शहराच्या रस्त्यांच्या चौकटीशी तिरपे बसविले. १९९७ साली या वास्तूला जागतिक वारशाचा मान मिळाला. २००९ मध्ये रुग्ण शेजारच्या नव्या इमारतीत हलविण्यात आले आणि २०१४ पासून जुन्या आवारात प्रवासी तिकीट काढून हिंडतात. म्हणजे मी रेखाटीत होतो ते रुग्णालय रुग्णांविना होते. त्या दुपारपर्यंत हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

प्रवासाचे वर्णन करीत नाही. बंगळूरला उतरलो आणि नव्या द्रुतगती मार्गाने तीन तासांच्या आत म्हैसूर गाठले. मद्दूरच्या वड्यासाठी न थांबता म्हैसूरला जाण्याची माझ्या आयुष्यातील ती पहिलीच वेळ.

अक्काचे लग्न १९६६ साली सांगलीहून म्हैसूरला झाले. मेहुणे रेल्वेच्या कारखान्यात होते. मराठीतली 'अक्का' कन्नडमध्येही अक्काच असते, त्यामुळे लग्नानंतर माझी बहीण सबंध आळीची अक्का झाली. घर कुवेंपूनगरात, शहराच्या दक्षिण अंगाला. रुग्णालय मात्र मंडी मोहल्ल्यात, म्हणजे आयर्विन रस्त्याच्या उत्तरेस. म्हैसूरच्या जुन्या वस्त्यांना मोहल्ला म्हणतात: लष्कर मोहल्ला, नझरबाद मोहल्ला, देवराज मोहल्ला. मूळ अरबी शब्द उर्दूच्या वाटेने येऊन कन्नड गावात असा मुरला आहे की परका वाटत नाही. मंडी मोहल्ला हा त्यांतला दाट वस्तीचा, व्यापारी भाग. येथेच अकबर रस्ता आहे, जवळच अशोक रस्ता. त्यावर सेंट फिलोमिना चर्चचे १७५ फूट उंचीचे जुळे मनोरे. १९०६ सालापासून चालू असलेले मिशन रुग्णालयही याच मोहल्ल्यातले. थोडे वायव्येस गेले की टिळकनगर लागते, आणि पश्चिमेकडून जातो तो सयाजीराव रस्ता. बडोद्याच्या गादीवर बसलेल्या, पण नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याला जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांचे नाव म्हैसूरच्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्याला आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.

सत्तावन्न वर्षे म्हैसुरात काढलेल्या अक्काचा या भागाशी संबंध जवळजवळ आलाच नव्हता. देवराज मार्केटपर्यंत तिची हद्द. भाजी, मोगरा, नंजनगूडची रसबाळी केळी घेतली की ती मागे फिरे. मंडीत तिचे काय काम?

दुसऱ्या मजल्यावरील खोलीत शिरलो तेव्हा ती जागी होती. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हाताला सलाईन. तिने माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे विचारले, "अण्णा पेठेतून आले का?"

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन चाळीस वर्षे झाली. आणि पेठ म्हणजे सांगलीची गणपती पेठ, हळद-गुळाच्या व्यापाराची. आमचे लहानपण त्या पेठेच्या पाठीमागे गेले. मी म्हणालो, "अक्का, मी बाळ." ती म्हणाली, "बाळ शाळेत गेलाय."

गौदीला कुणी ओळखले नाही, ही गोष्ट मी परदेशात किती चवीने ऐकली होती. आपल्याच बहिणीच्या डोळ्यांत आपण अनोळखी होणे म्हणजे काय, हे त्या खुर्चीवर बसल्यावर कळले.

डॉक्टर तरुण होते आणि, हे महत्त्वाचे, त्यांना समजावून सांगण्याची हौस होती. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णांमध्ये असा भ्रम होणे मुळीच विरळ नाही, असे ते म्हणाले. त्याला डिलिरियम म्हणतात. तो अचानक येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो, संध्याकाळी वाढतो. म्हातारपणी हळूहळू होणाऱ्या स्मृतिभ्रंशाहून तो निराळा. आणि योग्य काळजी घेतली तर बहुतेकांचा काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरतो. वेदना, जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, झोपेचा खोळंबा, नवी औषधे, यांतले काय कारणीभूत आहे ते शोधणे डॉक्टरांचे काम. "आणि तुमचं काम," ते म्हणाले, "त्यांना परत आणणं. कुठे आहोत, कोणता वार आहे, सकाळ आहे की रात्र, हे सांगत राहा. वाद घालू नका. घड्याळ दिसेल असं ठेवा. आणि चष्मा कुठे आहे त्यांचा?"

चष्मा पाच दिवस भाच्याच्या गाडीच्या खणात पडून होता. पडली तेव्हा कुणीतरी उचलून तेथे ठेवला, आणि धावपळीत सर्वच विसरले. माझ्या बहिणीला चष्म्याविना समोरच्या माणसाचे नाकडोळेही दिसत नाहीत. तिने मला ओळखावे तरी कसे?

चष्मा आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडे पाहून "तू केव्हा आलास रे?" असे विचारले. माझा आनंद गगनात मावेना. पण दुपारपर्यंत आम्ही पुन्हा सांगलीत होतो. खिडकीखालून हातगाडीचा खडखडाट येई, पोती उतरविणाऱ्या माणसांच्या हाका येत, आणि अक्काच्या लेखी ती गणपती पेठच होती. तिची खाट अशी लावलेली होती की खिडकी तिच्या डोक्यामागे येई. आवाज सगळे कानांवर पडत, डोळ्यांना मात्र फक्त पांढरी भिंत.

करमणूक म्हणून मी तिला स्पेनच्या वह्या दाखवू लागलो. ती सौजन्याने पाने पाहत होती. सांत पाऊच्या घुमटापाशी थांबून तिने विचारले, "हे कुठलं देऊळ?"

"देऊळ नव्हे, दवाखाना."

तिने वही चष्म्याजवळ नेली. "मग माणसं कुठायत?"

मी काय उत्तर देणार? साठ पानांच्या त्या वहीत कमानी होत्या, खांब होते, कौले होती. माणूस सोयीपुरता, उंचीचे प्रमाण कळावे म्हणून उभा केलेला. एरवी चित्रांवरची टीका मी मनावर घेत नाही, पण ही लागली.

"बाहेर कसला गोंधळ चाललाय सारखा?" तिने पुढे विचारले. "तो काढ ना. मला उठता येत नाही."

अशा रीतीने, कोणतीही योजना नसताना, पुढील अठरा दिवसांचा माझा कार्यक्रम ठरला. पहाटे साडेपाचला मी खाली उतरत असे. टपरीवर कॉफी घ्यायची आणि समोरच्या पायरीवर बसून दोन पाने भरायची. टपरीवाल्याने पहिल्या दिवशी मला नगरपालिकेचा मोजणीदार समजून जरा दबकूनच कॉफी दिली. खरी हकीकत कळल्यावर तो रोज "अक्का हेगिद्दारे?" असे विचारू लागला, म्हणजे 'अक्का कशा आहेत?'. आठ वाजता चित्रे वर जात. परिचारिकांनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते की वॉर्डातील इतर रुग्णांचे चित्र काढावयाचे नाही. हा नियम रास्तच होता. अक्काने तर स्वतःचेही काढू दिले नाही. "या अवतारात? खबरदार!" म्हणून माझ्या त्या वहीत रुग्णालयाची एकही खाट नाही. आहे तो सगळा बाहेरचा रस्ता: पोत्यावर डोके टेकून पेंगणारा हमाल, नळावर हंडे लावून बसलेल्या दोन बायका, बुरखा सावरीत रिक्षातून उतरणारी आजी आणि तिच्या हातातला जेवणाचा डबा, जुन्या घाटाच्या टांग्याचे थकलेले घोडे.

एक गोष्ट मला लवकरच उमगली. चित्र पाहण्यापेक्षा चित्रात चूक काढण्यात अक्काला अधिक गोडी होती. तिला डोळ्यांनी काही दिसत नव्हते, पण कानांनी ती सबंध रस्ता जाणत होती. "दुधाची गाडी या बाजूनं येते, तू उलटी काढलीस." "बांग झाल्यावर शटर उघडतं, आधी नाही. तुझ्या चित्रात उजेड कमी हवा." मी खाली जाऊन पडताळून पाही आणि दहांपैकी आठ वेळा तिचेच खरे निघे. चूक काढताना ती मंडी मोहल्ल्यात असे. सांगली मागे पडे.

याला वैद्यकीय पाठबळ आहे की नाही, हा प्रश्न माझ्यातल्या बँकवाल्या स्वभावाला पडला. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास मला लेकीने फोनवर सांगितला. पेनसिल्वेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तेवीस जोड्या त्याने तपासल्या. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्णालयांच्या रचनेविषयी लिहिणारे आजही या छोट्याशा अभ्यासाचा दाखला देतात. सांत पाऊच्या वास्तुकाराने हे ऐंशी वर्षे आधी केवळ श्रद्धेने ताडले होते. रेखाटलेली खिडकी खऱ्या खिडकीइतके काम करते, असा दावा मी करणार नाही. औषधे, सलाईन आणि चष्मा यांचे श्रेय चित्रांनी लाटू नये.

आता थोडे बँकेचे. अक्काचे कुटुंब निवृत्तिवेतन आपल्याच बँकेच्या म्हैसूर येथील शाखेत जमा होते. खाते एकटीच्या नावावर. मुलाला एटीएमचा क्रमांक ठाऊक नाही. आयुष्यभर इतरांना 'संयुक्त खाते करा' असे सांगणाऱ्या माणसाच्या सख्ख्या बहिणीची ही स्थिती, हे कबूल करताना संकोच वाटतो. भाच्याने रुग्णालयाची अनामत स्वतः भरली होती. प्रश्न पैशांच्या तंगीचा नव्हता. पण भ्रमातदेखील अक्काचा एकच धोशा होता: "माझ्या आजारपणाला माझेच पैसे लागले पाहिजेत. पासबुक कुणी घेतलं?" रात्री-अपरात्री ती पासबुक शोधत उठू पाही, आणि उठणे तिला धोक्याचे होते.

शाखाधिकाऱ्यांना फोन केला. रिझर्व्ह बँकेच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत, आणि आपल्या ग्राहकांनी त्या लक्षात ठेवाव्यात. आजारपणामुळे वा वार्धक्यामुळे खातेदाराला सही करता येत नसेल, तर हाताचा किंवा पायाचाही अंगठा चालतो. मात्र बँकेला परिचित असे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटविता येत नसेल, तर पैसे काढण्याच्या अर्जावर नुसती खूण केलेली चालते, त्यालाही तसेच दोन साक्षीदार. पैसे कोण नेणार, हेही खातेदाराने दाखवून द्यावयाचे असते. याखेरीज सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सूचना दिल्या आहेत.

शाखेतून एक महिला अधिकारी आल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या असतील. अर्ज, शाई, सर्व घेऊन आल्या होत्या. खुर्ची ओढून अक्काशेजारी बसल्या आणि कन्नडमध्ये गप्पा मारू लागल्या. संध्याकाळची वेळ होती. अक्काने त्यांना सांगितले की अण्णा आल्याशिवाय पैशांचे काही बोलता येणार नाही. त्या आणखी पाच मिनिटे बसल्या, मग शाईचा डबा तसाच पिशवीत ठेवला.

"सर, आज नको," बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या.

भाचा वैतागला. "मॅडम, नुसता अंगठाच तर घ्यायचाय. मी मुलगा, हे सख्खे भाऊ, हेही तुमच्याच बँकेचे."

"म्हणूनच सर मला समजून घेतील," त्या म्हणाल्या.

खरे सांगायचे तर मलाही राग आला. पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर एवढा विश्वास नसावा? लिफ्ट खाली जाईपर्यंत राग ओसरला. आपण काय करतो आहोत हे ज्या व्यक्तीला कळत नाही, तिचा अंगठा हा अंगठाच नव्हे. तो घेणारे हात नातेवाइकांचे असले तरीही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केले असते, निदान केले पाहिजे होते.

याच सुमारास कोंबड्याचा विषय निघाला. "तू कोंबडा काढत नाहीस," असे अक्का दोन दिवस म्हणत होती. पहाटे कोंबडा आरवतो, अगदी बांगेच्या आधी. मी ऐकला नव्हता. रात्रीच्या परिचारिकेनेही नाही. भाच्याने हळूच माझ्याकडे पाहिले: आमच्या सांगलीच्या घरामागे शेजाऱ्यांच्या कोंबड्या असत, हे त्याने आईकडूनच ऐकलेले. डॉक्टरांच्या फेरीतही ते सांगितले गेले आणि भ्रमाच्या लक्षणांत एक ओळ वाढली. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहत अक्काची नाडी धरली, तेव्हा मला पिकासोचे चित्र आठवले. 'विज्ञान आणि करुणा' नावाचे ते मोठे तैलचित्र त्याने १८९७ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी काढले. खाटेवर रुग्ण स्त्री, एका बाजूला नाडी पाहणारा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कडेवर मूल घेऊन पेला पुढे करणारी जोगीण. डॉक्टरसाठी पिकासोचे वडीलच बसले होते. बार्सिलोनाच्या पिकासो संग्रहालयात ते पाहताना मी रंगलेपनाची वाहवा केली होती. आता मात्र एवढेच वाटले की त्या चित्रात रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणारे कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेचारलाच खाली उतरलो. रस्ता रिकामा होता. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत वळलो, एका जुन्या कौलारू घराखाली उभा राहिलो, आणि बांगेच्या पाच मिनिटे आधी डोक्यावरून खणखणीत आरव आली. पन्हाळीच्या टोकावर तांबडा कोंबडा उभा होता. अंधुक उजेडात मी त्याच्या चार आकृती काढल्या. एकही नीट आली नाही, कारण तो हलत होता आणि माझा हातही.

चित्र पाहून अक्का म्हणाली, "मी सांगत होते." त्यानंतर अनेक दिवसांत प्रथमच तिने मुलाला विचारले, "ऑफिसला दांड्या किती झाल्या तुझ्या?" डॉक्टरांनी ती ओळ खोडली, आणि अक्काची माफीही मागितली.

तीन दिवसांनी त्याच महिला अधिकारी पुन्हा आल्या, या वेळी मुद्दाम सकाळी अकराला. अक्का त्यांना वहीतील चुका समजावून देत होती: हा टांगा इथे नसतो, ही बाई नळावर रोज पहिली असते. त्यांनी वार विचारला, रक्कम विचारली, पैसे कोण नेणार ते विचारले. अक्काने तिन्ही उत्तरे दिली आणि वर नोंदणीचा अर्जही मागितला, 'वारसाचं नाव लावायचं राहून गेलंय' म्हणून. डाव्या हाताचा अंगठा उमटला. दुसरे साक्षीदार म्हणून खालच्या औषधांच्या दुकानाचे मालक आले. त्यांचे खाते त्याच शाखेत होते. अंगठ्याची शाई पुसताना अक्का त्या मुलीला म्हणाली, "परवा तू घेतला नाहीस, ते बरं केलंस." परवाचे तिला आठवत होते तर!

दरम्यान शहरात दसऱ्याची लगबग सुरू झाली होती. साडेसातशे किलो वजनाची अंबारी पेलण्याचा सराव व्हावा म्हणून हत्तींच्या पाठीवर वाळूची पोती लादून त्यांना राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत चालवितात, आणि ही वाट सयाजीराव रस्त्यावरून जाते. मी अर्धी वही त्यात घालवली. हत्तींची चित्रे अक्काने नापसंत केली. "हत्ती सगळेच काढतात," एवढाच शेरा.

एका दुपारी मी तासभर सुटी घेऊन जगन्मोहन राजवाड्यात गेलो. १९८३ ते ८६ या काळात माझी बदली म्हैसूरला होती आणि अक्काकडेच मुक्काम होता. रविवारी आम्ही दोघे तेथील चित्रसंग्रह पाहावयास जात असू, ते मुख्यतः एका चित्रासाठी: हातात समई धरलेली, ज्योतीवर तळहाताचा आडोसा केलेली स्त्री. म्हैसुरात निम्मे लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, १९४५-४६ च्या सुमारास काढलेले, आणि तेही जलरंगातले. त्यासाठी त्यांची कन्या उभी राहिली होती. गीता उपळेकर या नावाने त्या पुढे ओळखल्या गेल्या आणि २०१८ साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी कोल्हापुरात निवर्तल्या. तेथे नक्कल करण्यास बसणे शक्य नव्हते. नुसता उभा राहून बोटांमधून येणारा तो तांबूस उजेड पाहिला. कागद कोरा सोडूनच जलरंगात उजेड मिळतो. पांढरा रंग वरून लावून नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी हे मला अक्कानेच दाखविले होते, तिला चित्रकलेचे ओ की ठो ठाऊक नसताना. "बघ, इथं त्यानं काहीच केलेलं नाही," असे म्हणाली होती.

परत येऊन तिला सांगितले. तिने बराच वेळ काही म्हटले नाही. मग स्वतःचा डावा तळहात खाटेशेजारच्या दिव्यासमोर धरून पाहिला आणि म्हणाली, "हा एवढा काढ हवा तर. तोंड नको."

त्या हाताचे रेखाटन मी येथे छापावयास दिलेले नाही. तिची परवानगी तेवढ्यापुरतीच होती.

अठराव्या दिवशी तिला घरी सोडण्यात आले. वॉकर घेऊन सात पावले चालता येऊ लागली होती. चालकाशेजारी बसलेल्या भाच्याला तिने गाडी मागच्या गल्लीतून घ्यावयास सांगितले. गल्ली इतकी अरुंद की चालक कुरकुरला, पण वळला. कौलारू घराखाली गाडी दोन मिनिटे थांबली. कोंबडा दिसला नाही. दुपारचे ऊन होते, कुठे सावलीला गेला असेल. टपरीवाल्याने दुरून हात हलविला. अक्काने काच खाली घेतली, चष्मा सावरला, छपराकडे पाहिले, मग मांडीवरील वही उघडून ते पान काढले.

"कौलं फार तांबडी केलीस रे," ती म्हणाली.